रोजची नोंद की पंधरवड्याची प्रश्नावली?

नाकाच्या ॲलर्जीची नोंद मोबाइलवर रोज ठेवावी की तपासणीआधी प्रश्नावली भरावी, असं मैत्रिणीने विचारलं.

नाक-सायनसच्या त्रासासाठीच्या 'स्नॉट-२२' प्रश्नावलीत २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास), गेल्या दोन आठवड्यांच्या आठवणीवर. कष्ट कमी, पण आठवण दगा देते, कालचं चोंदलेलं नाक सगळ्या पंधरवड्यावर पसरतं. 'मास्क-एअर'सारख्या ॲपमध्ये त्या दिवसाचा त्रास ० ते १०० च्या रेषेवर दाखवायचा, औषधही नोंदवायचं. शिंका धुळीच्या दिवशी वाढल्या की गोळी चुकल्यावर, याचा अंदाज येतो. मात्र बरं वाटलं की नोंद थांबते, मग वाईट दिवसच उरतात. तेव्हा बऱ्या दिवशीही नोंदवाच.

ऋतूनुसार त्रास होणाऱ्यांनी ॲप घ्यावं. जुनाट सायनसमध्ये शस्त्रक्रियेआधी-नंतरचा फरक पाहायला प्रश्नावली पुरते; वास, झोप, थकवा तीत येतात.