पाहुणी म्हणून उत्तम, यजमान म्हणून तोकडी : आमच्या फिरत्या घराविषयी अडीच वर्षांनंतर

निवृत्तीनंतर कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघे ज्या गाडीत राहायला गेलो, तिला आता अडीच वर्षे झाली आहेत. या काळात ज्यांनी ज्यांनी गाडी पाहिली, त्यांचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असत : घाटात ओढते का, डिझेल किती लागते, हिमालयात नेली का. यांपैकी एकाही प्रश्नाला मी या लेखात फारशी जागा देणार नाही. आमच्या डायरीतल्या नोंदी मोजल्या तर निम्म्याहून अधिक रात्री ही गाडी डोंगरात किंवा समुद्रकिनारी नव्हे, तर कोणा ना कोणा नातेवाइकाच्या नाहीतर जुन्या स्नेह्याच्या दारात उभी होती. कायमचे रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला माणसे भेटतात ती अशीच, दारोदार जाऊन. त्यामुळे अशा घराची परीक्षाही तिथेच घ्यावी असे मला वाटते.

मूळ गाडी फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर, म्हणजे आपण सरसकट जिला टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतो ती. रिकामी व्हॅन घेऊन आम्ही ती पुण्याबाहेरच्या एका कारखान्यात आतून बांधून घेतली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ बनावटीत परस्पर बदल करता येत नाहीत, त्यासाठी परवानगी घेऊन आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. हे कागदपत्रांचे काम कारखान्याने चोख केले, याचे श्रेय त्यांना आधीच देऊन टाकते, कारण पुढे त्यांच्याविषयी बरेच काही लिहायचे आहे. आत मागच्या बाजूला दोघांचा पलंग, मधोमध समोरासमोर दोन बाके, ओटा, लहान फ्रीज आणि उभे राहून अंघोळ करता येईल एवढे न्हाणीघर आहे. बांधणीचा खर्च गाडी सोडून अकरा लाख रुपये आला.

गाडीतला सर्वांत मोलाचा भाग विचाराल तर तो गाडीच्या बाहेर आहे. दाराच्या वर गुंडाळून ठेवलेले तीन मीटर लांबीचे कापडी छत, ज्याला कारखान्यात ऑनिंग म्हणतात आणि ज्याला आमच्याकडे पहिल्याच दिवशी पडवी हे नाव पडले. ती उघडली, खाली सतरंजी टाकली, चार घडीच्या खुर्च्या मांडल्या की दहा माणसे आरामात बसतात. गाडीच्या आत मात्र चौथा माणूस आला की पहिल्याला उठावे लागते. नागपूरला माझ्या कॉलेजच्या सहा मैत्रिणी भेटल्या, तेव्हा त्यांपैकी एकीच्या बंगल्यात प्रशस्त दिवाणखाना असूनही आम्ही सगळ्या रात्री एकपर्यंत पडवीतच बसलो होतो. पूर्वी लग्नकार्याखेरीज नागपूर होत नसे. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाल्यावर आमच्या वेगाच्या, म्हणजे ताशी सत्तरच्या, माणसालाही ते अंतर सुसह्य झाले. रस्ता सरळ आणि निवांत आहे, फक्त इतका एकसुरी की हे गाडी चालवत असताना मला सतत बोलत राहावे लागते. गणित शिकवण्यात जन्म गेल्यामुळे ते मला जड जात नाही.

आता विजेचे गणित. बॅटरी १२.८ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे २५६० वॅट-तास, म्हणजेच आपल्या मीटरवरचे जेमतेम अडीच युनिट. १५०० वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर लावली तर इन्व्हर्टरमधली घट धरून दीड तासात बॅटरी रिकामी होते. दोघांचा स्वयंपाक, पंखा, दिवे आणि फ्रीज यांना हे उन्हाळ्यात पुरून उरते, कारण दिवसभरात छतावरचे सौर पॅनेल तेवढी भर घालतात. पण पाहुणे आले की पाच वेळा चहा होतो, दोनदा कुकर लागतो, प्रत्येकाचा मोबाइल चार्जिंगला लागतो, आणि संध्याकाळी सातला दिवे मिणमिणू लागतात. म्हणून ज्यांच्या दारी उतरायचे त्यांच्या घरातून वायर ओढणे आलेच. कारखान्याने दिलेली वायर बारीक होती, आणि नाशिकला माझ्या मोठ्या दिरांकडे ती अर्धी गुंडाळलेलीच ठेवून आम्ही शेगडी लावली, तेव्हा वेटोळे हाताला चटका बसण्याइतके तापले. वेटोळ्यात उष्णता कोंडते, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा आठवले नाही. आता अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वीस मीटर वायर बाळगतो, ती पूर्ण उलगडतो, आणि जुन्या वाड्यात पाच अँपिअरचे सॉकेट दिसले तर शेगडीचे नाव काढत नाही.

नाशिकचा विषय निघाला आहे तर आणखी एक सांगते, जे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. पहिल्या खेपेला आम्ही जेवणे आटोपून सहजपणे गाडीकडे निघालो, तेव्हा भाऊजी उंबऱ्यातच उभे राहिले. ‘‘घरात दोन खोल्या रिकाम्या असताना तुम्ही अंगणात गाडीत झोपणार? आणि सकाळी शेजारी मला विचारणार, भाऊ-भावजय बाहेर का?’’ त्यांना राग नव्हता आला, त्याहून वाईट म्हणजे वाईट वाटले होते. आमच्या दृष्टीने जी सोय, ती त्यांच्या दृष्टीने परकेपणा होता. त्या दिवसापासून आमचा नियम असा की पहिली रात्र घरात, मिळेल त्या गादीवर; दुसऱ्या रात्रीपासून गाडीत. हा नियम पाळू लागल्यावर मात्र गाडीचा खरा गुण दिसला. पूर्वी कोणाकडेही दोन दिवसांच्या वर राहिले की वहिनींच्या अंथरुणा-पांघरुणांची, सकाळच्या बाथरूमच्या रांगेची, आपल्यामुळे हॉलमध्ये झोपलेल्या मुलांची टोचणी लागत असे. आता आम्ही आठ दिवस राहतो, सकाळचा चहा आमच्या ओट्यावर होतो, वहिनी तो प्यायला पडवीत येतात, आणि निघताना ‘‘इतक्यात?’’ असे जे म्हणतात ते मनापासून असते, हे मला त्यांच्या आवाजावरून कळते.

पाण्याची टाकी १२० लिटरची आहे. आम्हा दोघांना ती तीन दिवस पुरते, दोन भाचरांना एक दिवस. न्हाणीघरातल्या संडासाची चाकांची टाकी बाहेर ओढून रिकामी करावी लागते, आणि हे काम यजमानाला विचारून, त्याच्या घरच्या संडासातच करावे, बागेच्या कोपऱ्यात कधीही नाही. ज्याला हे काम किळसवाणे वाटत असेल त्याने या घराच्या फंदात पडू नये. बच्चेकंपनीला मात्र अख्ख्या गाडीत तेवढी एकच गोष्ट पाहायची असते.

गौरी-गणपतीला आम्ही गुहागर तालुक्यात यांच्या मामेभावाकडे जातो. वर्षभर न दिसणारी पस्तीसेक माणसे तेव्हा एका छपराखाली असतात. पहिल्या वर्षी मी फार मोठ्या अपेक्षेने निघाले होते, की यंदा आपल्यामुळे घरावर ताण पडणार नाही. कराडहून कुंभार्ली घाट उतरताना तिसऱ्याच वळणावर वरचे कपाट उघडले आणि बेसनलाडवांचा पाच किलोचा डबा पलंगावर, तिथून जमिनीवर, आणि झाकण उडून लाडू न्हाणीघरापर्यंत गडगडत गेले. कारखान्याने कपाटांना लोहचुंबकाच्या कड्या लावल्या होत्या. त्या फ्लॅटमध्ये शोभतात. चालत्या गाडीत दाबून अडकणारी कडीच हवी, हे गाड्या बांधणाऱ्याला सांगावे लागू नये. चिपळूणला थांबून आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून साध्या सरकत्या कड्या घेतल्या आणि त्या स्वतः बसवल्या. त्या आजही तशाच आहेत.

पोहोचल्यावर दुसरा धडा मिळाला. कोकणातले घर रस्त्याला लागून असतेच असे नाही. मामेभावाचे घर पाखाडीच्या चाळीस पायऱ्या खाली, माडांच्या मधोमध आहे. गाडी वर, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत. म्हणजे भर पावसात चिखल तुडवत जायचे-यायचे, आणि वायर किंवा पाण्याचा प्रश्नच मिटला. पॅनेल आणि पंखा धरून गाडीची उंची नऊ फुटांच्या वर जाते, त्यामुळे त्या जागेपर्यंत येतानाही फणसाच्या दोन फांद्यांखालून ह्यांनी इंचाइंचाने गाडी काढली. आम्ही दोघे शेवटी खाली ओटीवर सगळ्यांच्या रांगेत झोपलो आणि गाडी चार कॉलेजकुमारांनी बळकावली, ज्यांना पहाटेपर्यंत पत्ते खेळायला तशी जागा हवीच होती. अनुराधा नक्षत्रावर गौरी आल्या, ज्येष्ठेला जेवल्या, मुळावर गणपतीबरोबर गेल्या, आणि या साऱ्यात गाडीचा आम्हाला काडीइतकाही उपयोग झाला नाही. उलट तिथल्या दमट हवेत पलंगाखालच्या प्लायवुडला बुरशी धरली. कारखान्याकडे तक्रार केली तेव्हा ‘‘तुम्ही कोकणात जाणार हे बोलला नव्हता’’ असे उत्तर मिळाले. पाणी सोसणारे मरीन प्लाय हवे असे मी लेखी मागितले नव्हते, हे खरे आहे. तुम्ही मागा.

सर्वांत अवघड परीक्षा मुलीची. ती बंगळुरूला एका मोठ्या गृहसंकुलात राहते. तिथल्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करू देतात, पण रात्री गाडीत माणूस झोपलेला चालत नाही. सुरक्षारक्षकाने रात्री साडेदहाला टॉर्चने काचेवर टकटक करून ते नम्रपणे सांगितले. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने २०२१ साली कॅराव्हॅन, म्हणजे अशा फिरत्या घरांच्या, पर्यटनाचे धोरण आणले, त्यात कॅराव्हॅन पार्कचा विचार आहे. लेकीच्या सोसायटीचा विचार कोणत्याच राज्याच्या धोरणात असणे शक्य नाही. तिच्याकडे आम्ही तिच्या घरातच राहतो आणि गाडी खाली कपाटासारखी वापरतो.

पण खरा प्रश्न याच्या उलटा आहे. दिवाळी जवळ आली तेव्हा तिने फोनवर हसत विचारले, ‘‘आई, माझं माहेर यंदा कुठल्या गावात आहे?’’ मीही हसले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ काही सुचले नाही. फ्लॅटमध्ये भाडेकरू, आणि गाडीत तिच्यासाठी, जावयांसाठी आणि सहा वर्षांच्या नातवासाठी जागा नाही. समोरासमोरच्या बाकांचा पलंग होतो असे माहितीपत्रकात आहे. तो होतो, पण साडेचार फूट लांबीचा, म्हणजे नातवापुरता. शेवटी आम्ही वाईजवळ एका शेतातल्या घरगुती निवासाच्या दोन खोल्या चार दिवस घेतल्या आणि त्यांच्या अंगणात गाडी लावली. अभ्यंगस्नान खोलीतल्या गिझरच्या पाण्याने, उटणे आणि फराळ मात्र गाडीतून. पडवीला आकाशकंदील टांगला. नातू रोज रात्री आमच्याजवळ झोपला आणि त्याच्या दृष्टीने ती दिवाळी निर्दोष होती. माझी लेक तिसऱ्या दिवशी ओट्यासमोर उभी राहून काहीतरी शोधत होती, म्हटले काय हवे, तर म्हणाली, ‘‘काही नाही, डबे बघतेय, सगळे आहेत का.’’ खोल्यांचे भाडे हा आता आमच्या वार्षिक खर्चातला पक्का रकाना आहे, आणि फ्लॅटचे भाडे येते त्यातून तो भरतो. हे गाडी विकणारे सांगत नाहीत, म्हणून सांगितले.

राहता राहिली पायरी. गाडीची खालची पायरी जमिनीपासून सव्वा फूट उंच आहे. आम्हाला ते कधी जाणवले नाही. साताऱ्याला माझ्या एक्याऐंशी वर्षांच्या आईसमोर गाडी उभी केली, तेव्हा तिने पदर खोचला, दारातली दांडी धरली, एकदा पाय उचलला, आणि ‘‘राहू दे, बाहेरूनच छान दिसतेय’’ म्हणून खुर्चीवर जाऊन बसली. देवघरातला पाट आणून ठेवला तर तो डगमगला. कारखान्याला फोन केला, तर घडीची जास्तीची पायरी आधी सांगितली असती तर त्याच खर्चात बसली असती, आता साडेसहा हजार पडतील, असे कळले. आम्ही ते दिले. तुम्ही अशी गाडी बांधायला टाकणार असाल, तर नकाशावर सही करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिथे न्या आणि त्यांच्या पायरीपुढच्या पावलाकडे बघा.

पुढच्या खेपेला आई एकटी चढली. पलंगावर हात फिरवून बघितला, फ्रीज उघडून बंद केला, आणि ओट्याखालचा कप्पा ओढून आतला पितळी मिसळणाचा डबा बाहेर काढला. ‘‘हा माझ्याकडचा,’’ म्हणाली, आणि हळद संपत आलीय हेही लगेच दाखवून दिले.