लंडनला जायचंय: बेळगावातून मुंबई गाठावी की बंगळूर?

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आई-बाबांना पहिला प्रश्न हाच पडतो. बेळगाव पडलं मधोमध. हायवेनं मुंबई साधारण ५०० किलोमीटर, बंगळूरही जवळजवळ तेवढंच.

आकाशातलं अंतर मात्र सारखं नाही. मुंबई ते हीथ्रो सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर, बंगळूरहून सुमारे ८,०००. मुंबईच्या थेट विमानाला साडेनऊ-दहा तास धरा, बंगळूरच्या विमानाला तासभर जास्त. परतताना दोन्हीकडे वेळ कमी लागतो, कारण उंचावरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांना वळसा पडू लागला. म्हणून तिकिटावरची वेळ नीट बघा.

पण आकाशात वाचलेला तास जमिनीवर टिकतो का? मुंबईची बस संध्याकाळी सुटते आणि पहाटे-सकाळी पोहोचते. वाटेत कोल्हापूर-सातारा रुंदीकरणाची कामं, पुण्याची गर्दी, घाट. पावसाळ्यात यातलं काहीही दोन-तीन तास खाऊ शकतं, आणि विमान कुणासाठी थांबत नाही. मुंबईला लंडनची विमानं जास्त, हे खरं. एक चुकलं किंवा रद्द झालं तर दुसरं मिळायची आशा तिथंच अधिक.

बंगळूरला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री आडवं पडून जाता येतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचं मोल फार. स्टेशनवरून देवनहळ्ळीचा विमानतळ मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, पस्तीसेक किलोमीटर; सकाळच्या गर्दीत दोन तास हाताशी ठेवा. स्वतःची गाडी असेल तर तुमकूर सोडल्यावर दाबसपेठहून दोड्डबळ्ळापूरमार्गे जा, शहरात शिरावंच लागत नाही. परतीला ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेली वंदे भारत आहे: दुपारी बंगळूर सोडते, साडेआठ तासांत बेळगाव.

बेळगावच्याच विमानतळावरून, म्हणजे सांबऱ्याहून, विमान धरायचं असेल तर लंडनपर्यंतचं एकच तिकीट काढा. दोन वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढचं तिकीट सहसा बुडतं. मुंबईला टर्मिनल बदलावं लागतंय का, तेही आधी विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर निपाणी-चिकोडीकरांनी मुंबईच धरावी, त्यांना बंगळूर उगाच लांब. बेळगाव-खानापूरच्या साठीपुढच्या जोडप्यानं, विशेषतः जून ते सप्टेंबर, बंगळूरला जावं. भाषेची चिंता नको. आपल्याकडच्या बहुतेकांना कन्नडही येतं.

आणि कुंदा बॅगेत भरू नका. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. डिंक आणि सुंठपूड न्या, तूप तिथलं घ्या, लाडू लेकीच्या घरीच वळा.