पिल्लासाठी विमा की पिग्मी?

कुत्र्याचं नवं पिल्लू घरात आलं की खर्चाच्या सोयीला दोन वाटा असतात. पिग्मीत, म्हणजे रोज थोडे पैसे भरायच्या ठेवीत, रोज ५० रुपये टाकले तर वर्षाला १८,२५० जमतात. लसी, जंताचं औषध, गोचिडांचा उपाय त्यातून भागतो. विम्यात हा नेहमीचा खर्च सहसा बसत नाही.

पण पिग्मी साठायला वेळ लागतो, आणि बेळगावच्या टिळकवाडीच्या रस्त्यावर पिल्लाचा पाय दुसऱ्याच महिन्यात गाडीखाली येऊ शकतो. तिथे विमा खरा कामाचा. मात्र आजारपणासाठी सुरुवातीचे काही दिवस संरक्षण नसतं, आधीचं दुखणं वगळलेलं असतं, आणि लसीची नोंद नसेल तर पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या घातक आजाराचा) दावा अडू शकतो. पैसेही बहुधा आधी आपणच भरायचे, बिल जोडून मग मागायचे. खानापूरकडे डॉक्टर गोठ्यावरच सुई देऊन जातात. तिथे पक्कं बिल आठवणीने मागून घ्या.

शहरात लॅब्राडोर पाळणाऱ्याने विमा घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे. या जातीत खुब्याचं दुखणं बरंच आढळतं. पॉलिसीत ते वगळलंय का, तेवढं वाचा. शेतावरच्या मुधोळ जातीच्या कुत्र्याला पिग्मी पुरे. रेबीजची लस मात्र ३ महिन्यांचं झालं की दोघांनाही द्यायचीच.