संथ श्वसन, अनुलोम-विलोम, भ्रामरी की कपालभाती: कोणाला काय मानवेल?

घाबरलेल्या माणसाला आपण हमखास सांगतो, "मोठा श्वास घे." यातला 'मोठा' हा शब्द घात करतो. आधीच धाप लागलेला माणूस भराभर मोठे श्वास ओढायला लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर जातो. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, आणि तो अजूनच घाबरतो. "श्वास हळू सोड, पूर्ण सोड" असं सांगावं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, घेताना जरा वाढतात. सोडण्याचा वेळ लांबला की मज्जासंस्थेच्या शांत करणाऱ्या बाजूला पारडं झुकतं.

"दीर्घ श्वसनाने ऑक्सिजन वाढतो" हे कारणही फार ताणू नये. निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण बसल्या जागी बहुधा ९५ टक्क्यांच्या वरच असतं. त्यात भर पडायला जागा कितीशी? फरक पडतो तो श्वासाच्या वेगामुळे. प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिली हवा नाक-घसा-श्वासनलिकेतच राहते, ती फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. मिनिटाला ५०० मिलीचे १२ श्वास घेतले तर ४,२०० मिली हवा कामी येते. तीच ६ लीटर हवा १,००० मिलीच्या ६ श्वासांत घेतली तर ५,१०० मिली. उथळ २४ श्वासांत घेतली तर जेमतेम २,४०० मिली. म्हणजे कमी पण खोल श्वासांत काम जास्तच निभतं.

नवख्याने सुरुवात साध्या संथ श्वसनाने करावी. ४ सेकंद घ्यायचा, ६ सेकंद सोडायचा, दोन्ही नाकानेच. मिनिटाला ६ श्वास झाले. या गतीला श्वास, हृदयाची गती आणि रक्तदाबाचे चढउतार एका लयीत येतात, म्हणून हा आकडा पुन्हापुन्हा भेटतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र म्हणतानाही श्वास याच गतीवर आल्याचं दिसलं. शिकताना उताणं झोपून गुडघे वाकवा आणि बेंबीवर एक पातळ वही ठेवा. श्वास घेताना वही वर आली, सोडताना खाली गेली, की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा, नीट काम करतंय. वही स्थिर आणि खांदे कानांकडे सरकतात, तर श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलाय. दहा सेकंदांची लय जड वाटली तर ३ आणि ४ ने सुरुवात करा. हवेची भूक लागल्यासारखं होत असेल, तर तुम्ही लय लवकर ताणलीत.

अनुलोम-विलोम चा परिणाम पुष्कळसा याच संथपणातून येतो. मग नाकपुड्या कशाला बदलायच्या? ज्यांचं मन आकडे मोजताना भटकतं, त्यांच्यासाठी. हाताला काम मिळालं की लक्ष टिकतं. उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका डाव्या. तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडलेलं. डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा: एक आवर्तन. १० मिनिटं पुरेत. नाकाचं हाड संपून मऊ भाग सुरू होतो, तिथे नुसतं टेकवायचं. नाक दाबून वाकडं केलं तर उघडी नाकपुडीही अरुंद होते आणि श्वास ओढावा लागतो. कोपर दमून खाली आलं की मानही त्या बाजूला झुकते. कोपराखाली उशी घ्या. सर्दीत मात्र हट्ट नको. आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी टाळावं. चौकोनी श्वसनालाही (चार-चार सेकंद घेणं, रोखणं, सोडणं, रोखणं) हेच लागू.

झोप येत नसेल तर भ्रामरी आधी करून पाहावी. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून किंचित दूर, आणि श्वास सोडताना ८-१० सेकंद खालच्या पट्टीतला म्म्म. वरची पट्टी लावली की घसा खरखरतो. कंप टाळूत आणि नाकाच्या मुळाशी जाणवला पाहिजे. गुंजनाच्या वेळी नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण नुसत्या श्वास सोडण्यापेक्षा कित्येक पटींनी वाढतं, हे २००२ मध्ये मोजलं गेलं. पण अंथरुणावर उपयोगी पडतो तो लांबलेला उच्छ्वास. ६-७ वेळा पुरे.

मीटिंगच्या दारात, दोन मिनिटं हाताशी असताना, दुहेरी उसासा: नाकाने श्वास भरा, वर आणखी एक छोटा घोट, मग तोंडाने सावकाश पूर्ण सोडा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या एका तुलनेत रोज ५ मिनिटं, महिनाभर, असा प्रयोग झाला. मन प्रसन्न होण्यात उसासा चौकोनी श्वसन, भरभर श्वसन आणि ध्यान या तिघांच्याही पुढे राहिला.

आता कपालभाती. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते. मन शांत करायला म्हणून ती करू नका. ती जागं करते. पोट आत मारून श्वास बाहेर फेकायचा, आत येणारा आपोआप येऊ द्यायचा. घेतानाही जोर लावला की भोवळ येते. सेकंदाला एक ठोका, ३० ठोके, मग आराम; अशी ३ आवर्तनं सकाळी उपाशीपोटी. जेवणानंतर ४ तास सोडा. मिनिटाला १२० ठोक्यांचा हिशोब ऐकून आठवड्यातच ते गाठायला जाणाऱ्यांचे चेहरे आणि खांदे हलतात, पोट स्थिरच राहतं. गर्भारपण, हर्निया, काचबिंदू, अपस्मार, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन: यांपैकी काही असेल तर कपालभाती नकोच.

रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांना यातला सर्वात निर्धोक मार्ग ४-६ चं संथ श्वसन आहे. त्याने रक्तदाब काही अंकांनी उतरू शकतो, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये. दम्याच्या माणसाने इनहेलर शेजारी ठेवावा आणि छाती आवळली की मोजणं थांबवावं. ज्यांना घाबरण्याचे झटके येतात, त्यांनी डोळे उघडे ठेवून, खिडकीकडे तोंड करून बसावं आणि श्वास घेण्याकडे लक्षच देऊ नये. फक्त सोडताना सहा मोजावेत.