डायव्हिंगसाठी कॅमेरा माउंट: छातीवरचा, डोक्यावरचा की हातातला?

पाण्याखाली शूटिंग करायचं असेल तर दोन हँडलचा ट्रे, म्हणजे कॅमेरा बसवायची पट्टी, घ्या. बॅगेत मावत नसेल तर वीतभर लांबीची दांडी घ्या. बाकीचे माउंट (कॅमेरा धरायची किंवा अंगावर अडकवायची साधनं) जमिनीवर ठीक. खरं तर एवढं सांगून थांबता आलं असतं, पण मी बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गंज आणि आटे हा माझा रोजचाच विषय, त्यामुळे स्क्रूवर जरा जास्त बोलणार, आधीच सांगून ठेवतो.

कॅमेरा साधा गोप्रो, मुठीत मावणारा. नुसता कॅमेरा कंपनी १० मीटरपर्यंतच चालेल म्हणते. कोर्स न करता नुसता अनुभव घ्यायला गेलात तरी १२ मीटरपर्यंत नेऊ शकतात आणि ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स झाला की मर्यादा १८ मीटर. म्हणजे ६० मीटरवालं हाउसिंग (पाणी न शिरणारी बाहेरची पेटी) लागणारच. हाउसिंगमध्ये टचस्क्रीन बंद, सगळा कारभार बटणांवर. म्हणून माउंट बघताना मी पहिली गोष्ट बघतो ती ही, की हात न हलवता अंगठा किंवा बोट शटरच्या बटणापर्यंत पोचतं का.

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दुकानदाराने मला छातीचा पट्टा पुढे केला होता. "चेस्टवाळुं ज लई जाव साहेब, हाथ छुट्टा रहे." म्हणजे छातीवालाच न्या, हात मोकळे राहतात. मोटरसायकलवर त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण डायव्हर पाण्यात आडवा असतो, छाती तळाकडे. व्हिडिओत येते ती वाळू, वाळू आणि मधूनच स्वतःची लोंबती हवेची नळी. कॅमेरा वर वळवला तर बीसीडीत (हवा भरून तरंगायचं जाकीट) हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचा पाइप आडवा येतो. शिवाय बीसीडीच्या पट्ट्यांखाली आणखी पट्टे. पाण्यात बीसीडी काढायची वेळ आली तर त्या गुंत्यात कोण हात घालणार?

डोक्यावरचा पट्टा त्याहून वाईट. आपण सारखे हवेच्या गेजकडे बघतो, बडीकडे म्हणजे जोडीदाराकडे बघतो, वर बोटीकडे बघतो, आणि कॅमेराही बिचारा सोबत भिरभिरतो. घरी टीव्हीवर लावलं की आई दोन मिनिटांत म्हणते, "बंद कर बाबा, मळमळतंय." मास्कमध्ये पाणी शिरलं आणि मास्क काढून पुन्हा लावायचा झाला तर वरचा पट्टा नेमका मध्ये येतो. मनगटावरच्या माउंटबद्दल एवढंच सांगतो की त्या जागी खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर शोभतो.

दांडी आखूड हवी. ओढून लांब करायच्या दांड्यांच्या सांध्यात वाळू बसते आणि मग ती ना मिटते ना उघडते. लांब दांडीचं टोक कुठे लागतंय हे आपल्याला कळेपर्यंत प्रवाळाचा तुकडा पडलेला असतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळाला संरक्षण आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ते बघवत नाही. नारिंगी तरंगणारी दांडी स्नॉर्केलिंगवाल्यांसाठी. डाइव्हमध्ये ती हात सतत वर ओढत राहते आणि निसटली तर थेट पृष्ठभागावर जाते.

आता ट्रे. दोन्ही हात हँडलवर, कोपरं अंगाशी घेतली की चित्र हलत नाही, एवढं साधं गणित आहे. हँडलच्या वरच्या टोकाला दिवे बसतात. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, त्यामुळे जवळचा मासा खऱ्या रंगात हवा असेल तर दिवा लागतोच. दिवे लावले की लेन्सवरचा लाल फिल्टर काढायचा, नाहीतर सगळं कुंकवात बुडवल्यासारखं दिसतं.

विकत घेण्यापूर्वी स्क्रू बघा. बहुतेक ट्रे ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचे आणि स्क्रू स्टीलचे असतात. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की झीज ॲल्युमिनियमची होते. आट्यांभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली की समजावं, स्क्रू आता जाम होणार. ३०४ ग्रेडच्या स्टीलला समुद्रात बारीक खड्डे पडतात. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते बरंच टिकतं. माझ्या ट्रेचे स्क्रू मी ३१६चेच बसवून घेतले आणि आट्यांना किंचित ग्रीस लावतो. डाइव्ह झाली की गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायचं आणि पाण्यातच प्रत्येक सांधा फिरवायचा, वरवरच्या धुण्याने आट्यांतलं मीठ निघत नाही.

कॅमेरा बांधायला कॉइलची (स्प्रिंगसारखी) दोरी हवीच, पण ती मनगटाला बांधू नका. बीसीडीच्या डी-रिंगला (कडीला) अशी अडकवा की एका हाताने सुटेल. कोणाची हवा संपली तर कॅमेरा सोडून दोन्ही हात मोकळे व्हायला हवेत. ही सवय मी सरदार बागेच्या पोहण्याच्या तलावात डोळे मिटून केली. लाइफगार्ड माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ते सोडा.

न्यायचं म्हणाल तर मालवणला काहीच त्रास नाही. कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचं, सॅक पाठीवर. तिथे पाणी अंदमानइतकं स्वच्छ नसतं, त्यामुळे विषयाच्या अगदी जवळ जावं लागतं आणि आखूड ट्रेच कामी येतो. अंदमानातल्या हॅवलॉकला जायचं तर विमानप्रवासासाठी ट्रेचे तीन तुकडे करून रॅशगार्डमध्ये (पोहायच्या अंगरख्यात) गुंडाळतो आणि ॲलन कीसह चेक-इनमध्ये टाकतो. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक मात्र हातातल्या बॅगेत, सुटं लिथियम चेक-इनमध्ये चालत नाही. दिव्यांतल्या बॅटऱ्याही काढून घेतो. हाउसिंग खोलीत एसी चालू असतानाच बंद करा. बोटीवरची दमट हवा आत अडकली की गार पाण्यात काचेवर वाफ धरते. रबरी सीलवर केस किंवा वाळूचा कण राहिला नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या. बोटीवरच्या सामायिक बादलीत कॅमेरा सोडू नका, वरून कोणीतरी मास्क टाकतो आणि काचेवर ओरखडा येतो.

ट्रेबद्दल एकच तक्रार, हँडलवरचा फोम. खोलवर तो दाबला जाऊन पातळ होतो, पकड सैल वाटते आणि वर आल्यावर तासन्‌तास ओला राहतो. रबराची हँडलं बडोद्यात मिळाली नाहीत, मुंबईहून मागवली आहेत.