सेशेल्सला यॉट भाड्याने घेताय तर डिपॉझिटचं हे आधी वाचा

माहे या मुख्य बेटाजवळच्या ईडन आयलंड मरिनातून (बोटी लावायच्या धक्क्यावरून) कॅटामरान म्हणजे जोड-तळाची बोट घ्यायची आणि प्रालँ, क्युरियूज, ला दिग ही बेटं फिरायचं असा आमच्या ग्रुपचा प्लॅन होता आणि फिरणं खरंच अप्रतिम झालं, क्युरियूजवर मोकळी हिंडणारी ती अवाढव्य कासवं, प्रालँच्या आन्स लाझिओ बीचला नांगर टाकून पोहणं, सगळं एक नंबर. राग आहे तो परत आल्यावर बोट देणाऱ्या कंपनीने जे केलं त्याचा.

बोट त्यांची, स्किपर म्हणजे बोट चालवणाराही त्यांचाच, आमच्यातल्या कुणी सुकाणूला हातसुद्धा लावला नव्हता. मरिनात परत आल्यावर त्यांचा डायव्हर खाली गेला आणि फोटो काढून वर आला, म्हणे डावी कील (बोटीच्या तळाचा पाण्यात खाली असणारा भाग) खाली घासलीये, जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत थर उडालाय, 3000 युरोच्या डिपॉझिटमधले 1800 कापणार. आमचं दुपारचं विमान, बरोबर लहान मुलं, आणि स्किपर मान खाली घालून गप्प उभा.

मी तो फोटो मोठा करून बघितला. त्या खाचेत शेवाळ तर होतंच, पण बार्नकलचे, म्हणजे बोटीला चिकटून वाढणाऱ्या कवचवाल्या समुद्री जीवांचे, टणक दाणे पण घट्ट बसलेले, आता ताजं घासलं असेल तर ती जागा स्वच्छ दिसणार ना, बार्नकल एवढे वाढायला कितीतरी आठवडे जातात. हे त्यांना दाखवलं तर एकच उत्तर, कंपनीची पॉलिसी. आणि आम्ही बॅगा उचलत होतो तेव्हा त्याच बोटीत पुढच्या ग्रुपसाठी पाणी भरणं चालू होतं! कील दुरुस्त करायची तर बोट पाण्याबाहेर काढायला लागते, ती कुठे काढली? दुरुस्तीचं बिल मागितलंय, मेलवर मेल केले, अजून आलेलं नाही.

डिपॉझिट त्यांनी कार्ड मशीन बंद आहे सांगून बँक ट्रान्सफरने घेतलं होतं, खरी मेख तिथे आहे. क्रेडिट कार्डवर नुसती रक्कम ब्लॉक केली असती तर त्यांनी पैसे कापल्यावर आपल्या बँकेकडे डिस्प्यूट टाकता आला असता, ट्रान्सफर एकदा गेली की तुम्ही त्यांच्या मर्जीवर. म्हणून कार्ड ब्लॉकच मागा, नाही म्हणाले तर दुसरी कंपनी बघा.

बोट ताब्यात घेतानाच्या चेक-इनच्या यादीत बऱ्याचदा पाण्याखालचं काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा सही करताना बाजूला 'पाण्याखालचा भाग पाहिलेला नाही' असं हाताने लिहा. मरिनात पाण्यात उतरू नका, धक्क्यावरून बोटींना वीज देणाऱ्या केबलमुळे शॉक बसू शकतो. पहिल्या मुक्कामाला, माहेजवळच्या सेंट ॲन बेटापाशी वगैरे थांबलात की पोहायचा गॉगल लावून दोन्ही कील, रडर (सुकाणूचं पातं), प्रोपेलरचा व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला मेल करा. स्किपर त्यांचा असेल तर त्याच्या हातून झालेलं नुकसान आपल्या डिपॉझिटमधून जाणार नाही हे करारात लिहून घ्या, तोंडी नको. आणि परतीचं विमान शक्यतो दुसऱ्या दिवशीचं ठेवा, ही लोकं त्या घाईवरच खेळतात.

कुणी जाणार असेल तर सही करायच्या आधी करार मला दाखवा, मी बघून देईन.