ऱ्होसेंट्रलफोम: रॅम्पवरच्या शॉकसाठी कितपत चालतो?

ओपनफोम या प्रवाह-गणनेच्या सॉफ्टवेअरसोबत फुकट मिळणारा हा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाहातला शॉक, म्हणजे दाबाची अचानक उडी, छान पकडतो. खरी परीक्षा होते ती शॉक बाउंडरी लेयरवर (भिंतीलगतच्या मंद थरावर) आदळून प्रवाह भिंत सोडतो तिथे.

कुर्गानोव्ह फ्लक्स (जाळीच्या सेलमधली देवाणघेवाण मोजायची पद्धत) आणि व्हॅन लिअर लिमिटर (शॉकजवळचे खोटे चढउतार रोखणारं सूत्र) ठेवा. मिनमॉड हा जास्त बोथट लिमिटर घेतलात तर सगळं शांत चालतं, पण लेयर नको तेवढा जाड होतो आणि विलगतेचा बुडबुडा (भिंत सोडलेल्या प्रवाहाखालचा भोवरा) खोटा ठरतो. जाळी विरळ असली तर लॅमिनार (खळबळ नसलेल्या) प्रवाहात बुडबुडा हमखास लहान दिसतो. जाळी दुप्पट करून बुडबुड्याची लांबी बदलते का, हे बघितल्याशिवाय आकडा कुणाला सांगू नये.

वेळखाऊपणा हा मोठा दोष. भिंतीलगतचा सेल १ मायक्रॉनचा आणि कूरां संख्या (एका पायरीत लहर सेलचा किती भाग ओलांडते ते) ०.२ धरली, तर टाइमस्टेप नॅनोसेकंदाच्याही खाली जातो. म्हणजे १ मिलिसेकंदाला दहा लाखांहून जास्त पायऱ्या! बुडबुडा सावकाश वाढतो. दाब स्थिरावला म्हणून रन थांबवलात तर फसाल. भिंतीवरची उष्णता बघा.

सुरुवातीलाच तापमान ऋण होऊन रन कोसळतो, ते बहुधा पुढच्या टोकाशी. पहिल्या काही हजार पायऱ्या अपविंड या ढोबळ पण स्थिर पद्धतीवर, कूरां ०.०५ ठेवून काढा, मग व्हॅन लिअर लावा.

एसएसटी हे टर्ब्युलन्सचं (खळबळीचं) मॉडेल प्रवाह भिंतीला पुन्हा चिकटण्याच्या जागी उष्णता बरीचदा फुगवून दाखवतं, पण तो दोष सॉल्व्हरचा नाही. या सॉल्व्हरमध्ये तापमान मात्र एकच. रेणूंच्या कंपन-ऊर्जेचं असंतुलन (तिचं वेगळं तापमान) हवं असेल तर हायटूफोम हा दुसरा सॉल्व्हर घ्या.